जुना एएम४ बोर्ड ठेवून केलेला अपग्रेड: रायझन ५ ५६०० आणि आरएक्स ६६००, काही महिन्यांच्या वापरानंतर

माझा पीसी २०१७ च्या पिढीचा: रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड (एएमडीच्या एएम४ सॉकेटचा), डीडीआर४-३२०० रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक, जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड आणि ५५० वॉटचा पॉवर सप्लाय. यातला फक्त प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड बदललं. आता रायझन ५ ५६०० आणि आरएक्स ६६०० आहे. बोर्ड, रॅम, कूलर, सप्लाय, कॅबिनेट सगळं जुनंच. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झचा. काही महिने रोज वापरल्यावर एक मत पक्कं झालंय: अशा पीसीवर हात राखून खर्च करायचा असेल तर आधी प्रोसेसर बदला, कार्ड नंतर. बहुतेक जण उलट क्रमाने जातात आणि मग नवं कार्ड टाकूनही गेम अडखळतोच, अशी तक्रार करतात.

कारण सरळ आहे. ६० एफपीएसला, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) हव्या असतील तर, एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवी. सरासरी ८० एफपीएस दिसत असला तरी मध्येच एखादी फ्रेम ५० मिलिसेकंद घेते आणि तेवढ्यात नेम चुकतो. हे झटके सरासरीत दिसत नाहीत. ते दिसतात फ्रेमटाइमच्या, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेच्या आलेखात आणि 'वन पर्सेंट लो'च्या, म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमांच्या आकड्यात. आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर ही मोजमापाची सॉफ्टवेअर लावून हा आलेख पडद्यावर आणा आणि आपल्या नेहमीच्या गेममधल्या सगळ्यात गजबजलेल्या जागी जा. कार्डाचा वापर ९५ ते ९९ टक्के टिकून असेल तर कार्ड कमी पडतंय. तो ६०-७० टक्क्यांवर घुटमळत असेल तर प्रोसेसर. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन ७२०पीवर आणा: एफपीएस जवळपास हलला नाही, म्हणजे प्रोसेसरच अडवतोय. इथे टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर ५० टक्के दिसतो म्हणून फसू नका. गेमचा मुख्य थ्रेड, म्हणजे कामाचा मुख्य धागा, एकाच कोअरवर चालतो. तो कोअर दमला की बाकीचे अकरा थ्रेड मोकळे असून उपयोग नसतो.

१६०० आणि ५६०० दोन्हींत ६ कोअर, १२ थ्रेड. कागदावर सारखेच वाटतात. फरक आतल्या मांडणीत आहे. १६०० मध्ये तीन-तीन कोअरचे दोन गट आहेत आणि १६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) त्यांच्यात ८-८ अशी वाटलेली. एका गटाला दुसऱ्याकडचं काही लागलं की वळसा पडतो. ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच गटात आणि ३२ एमबी कॅश सगळ्यांची सामाईक. वेग ३.६ वरून ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि त्याच गिगाहर्ट्झला कामही जास्त होतं. झटके कमी होण्यामागे हेच आहे. खरेदी करताना नावाकडे नीट बघा: रायझन ५ ५५०० आणि ५६००जी यांच्यात कॅश १६ एमबीच आहे, गेममध्ये तो फरक जाणवतो. ५६०० आणि ५६००एक्स यांच्यात मात्र २०० मेगाहर्ट्झपलीकडे फारसं काही नाही. जो स्वस्त मिळेल तो घ्या. ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी, ९६ एमबी कॅशवाले, सेकंडहँड परवडत असतील तर या सॉकेटवर गेमसाठी त्यापुढे काही नाही. फक्त ते जास्त तापतात आणि त्यांना बरा कूलर लागतो.

३०० मालिकेच्या बोर्डांवर रायझन ५००० चालवायला एएमडीने २०२२ मध्ये अधिकृत परवानगी दिली. तरीही आपल्या बोर्डाचं नेमकं मॉडेल आणि त्याची आवृत्ती, म्हणजे बोर्डावरच छापलेला रिव्हिजन क्रमांक, उत्पादकाच्या प्रोसेसर यादीत तपासल्याशिवाय पैसे टाकू नका. नव्या प्रोसेसरसाठी बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, आधी नवं करावं लागतं. बायोस निवडताना त्याच्या वर्णनात अजेसा (एएमडीचा बायोसमधला मूळ कोड) १.२.०.७ किंवा त्यापुढचा आकडा हवा. त्याआधीच्या काही आवृत्त्यांत एफटीपीएममुळे (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी प्रोसेसरमधली सोय) अधूनमधून सेकंदभर सगळा पीसी गोठायचा, आवाजही तुटायचा. तो दोष १.२.०.७ मध्ये दुरुस्त झाला.

बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच चढवायचा. आधी काढला तर नवा प्रोसेसर चालू होणार नाही आणि तुम्ही अडकाल. खूप जुन्या बायोसवरून थेट शेवटच्यावर उडी अनेकदा मारता येत नाही. मधली एखादी आवृत्ती आधी घालावी लागते, ते डाउनलोड पानावरच लिहिलेलं असतं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइल झिपमधून बाहेर काढून ठेवा आणि बायोसमधल्याच फ्लॅश पर्यायातून चढवा, विंडोजमधल्या अॅपमधून नको. वीज जाण्याची धास्ती असेल तर यूपीएसवर करा. काही बोर्डांची बायोस चिप १६ एमबीची आहे, त्यात जुन्या-नव्या सगळ्या प्रोसेसरचा कोड मावत नाही. म्हणून नव्या बायोसमध्ये काही जुने प्रोसेसर वगळलेले असू शकतात, आणि खालच्या आवृत्तीवर परतणंही अनेक बोर्ड नाकारतात. ही वाट एकेरी समजूनच निघा.

याहीआधी एक काम: विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर ते तात्पुरतं थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. नवा प्रोसेसर बसल्यावर पहिल्याच बूटला एफटीपीएम रीसेट करायचं का, असा प्रश्न येतो. 'वाय' दाबलं की जुन्या किल्ल्या जातात. रिकव्हरी की जवळ नसेल तर डिस्कवरचा डेटाही गेला.

प्रोसेसर काढताना सगळ्यात मोठा धोका कूलर ओढण्यात आहे. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेटची पकड हलकी असते. प्रोसेसर आणि कूलर यांमधली उष्णतावाहक पेस्ट वाळून चिकटलेली असली की कूलरबरोबर प्रोसेसरही, लिव्हर बंद असतानाच, उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं गेम किंवा स्ट्रेस टेस्ट चालवून पेस्ट गरम करा, पीसी बंद करा, वायर काढा, चारही स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे सैल करा आणि कूलर सरळ वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. स्क्रूचा कूलर पूर्ण सुटला की बोर्डामागची लोखंडी पट्टी खाली पडते. तिला मागून हाताने धरून ठेवा किंवा पीसी आडवा ठेवूनच काम करा.

इथे पैसे वाचवणारी एक गोष्ट. मूळ १६०० बरोबर रेथ स्पायर कूलर यायचा, ५६०० च्या खोक्यात रेथ स्टेल्थ असतो. स्पायर उंच आणि जास्त धातूचा आहे. जुना स्पायर साफ करून, वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावून तोच परत बसवणं शहाणपणाचं. ५६०० ची वीजमर्यादा ७६ वॉट आहे, त्यामुळे बी३५० च्या साध्या व्हीआरएमवरही (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डाचा भाग) ताण येत नाही. ५६०० ची तापमानमर्यादा ९० अंश. गेममध्ये ७० ते ८० च्या आसपास राहिलं तर काळजीचं कारण नाही.

बायोस बदलला की सगळ्या सेटिंग मुळावर जातात. रॅम २१३३ किंवा २४०० वर येऊन बसते आणि लोक महिनोन्‌महिने तशीच वापरतात. रॅमला तिच्या छापील वेगावर नेणारी सेटिंग, एक्सएमपी, काही बोर्डांवर डीओसीपी, पुन्हा चालू करा. पहिल्या पिढीच्या रायझनवर ३२०० ची रॅम पुष्कळदा २९३३ च्या पुढे स्थिर राहत नसे. तो दोष स्टिकचा कमी आणि प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचा जास्त होता. ५६०० वर त्याच स्टिक ३२०० ला बिनतक्रार चालतात. एकही पैसा न घालता मिळालेला हा फायदा मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. स्टिक दोनच असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात, शेजारी-शेजारी नाही. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चा पूर्ण फेरा रात्रभर चालवा. एकही चूक आली तर वेग एक पायरी उतरवा.

मग रिसाइझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम गाठू देणारी सोय. बायोसमध्ये 'अबव्ह ४जी डिकोडिंग' चालू आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद करावं लागतं. जुनी विंडोज एमबीआर या जुन्या डिस्क-मांडणीने घातलेली असेल तर सीएसएम बंद करताच पीसी बूट होणार नाही. आधी बॅकअप घ्या, मग विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी साधनाने डिस्कची तपासणी आणि रूपांतर करा, आणि त्यानंतरच सीएसएमला हात लावा. फायदा गेमगणिक बदलतो. काहींत चांगला, काहींत शून्य.

आता कार्ड. आरएक्स ६६०० मध्ये ८ जीबी मेमरी आहे, वीज १३२ वॉट, एकच ८ पिनची जोडणी. १०८०पीला जीटीएक्स १०६० च्या जवळपास दुप्पट काम करतं. त्याची बोर्डाशी होणारी पीसीआय जोडणी आठ लेनची (डेटाच्या आठ मार्गिकांची) आहे आणि बी३५० बोर्ड पीसीआय ३.० चा, म्हणजे सेकंदाला जवळपास ८ जीबीची वाट. कार्डाची मेमरी भरत नाही तोवर नुकसान किरकोळ. मेमरी ओसंडली की मात्र हाच अरुंद रस्ता आडवा येतो आणि झटके सुरू होतात. त्यामुळे नव्या गेममध्ये टेक्सचर 'अल्ट्रा'ऐवजी 'हाय'वर ठेवा. १०८०पीला चित्रातला फरक शोधावा लागतो. याच कारणाने आरएक्स ६५०० एक्सटीच्या वाटेला जाऊ नका: ४ जीबी मेमरी आणि चारच लेन, शिवाय व्हिडिओ रेकॉर्डिंगचा हार्डवेअर एन्कोडरही नाही. इंटेलची आर्क कार्डंही जुन्या संचासाठी सुचवणार नाही. रिसाइझेबल बार नसेल तर ती फार मागे पडतात.

सेकंडहँड कार्ड घेताना वीस मिनिटं तरी लोडवर चालवून बघा. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये साधं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपची सगळ्यात तापलेली जागा) यांत २५-३० अंशांहून जास्त अंतर असेल तर पेस्ट संपली आहे. चित्रात ठिपके, चौकोन दिसले तर ते कार्ड सोडून द्या, ते पेस्टने बरं होत नाही.

पॉवर सप्लायचा हिशोब वॉटचा कमी, वयाचा जास्त. कार्ड १३२, प्रोसेसर ७६, बाकी सगळं धरून पन्नासेक. चांगला ४५० वॉटचाही पुरतो. पण सात-आठ वर्षांचा बिनब्रँड सप्लाय असेल तर बजेटमधला पहिला वाटा त्याला द्या. १०६० ला बहुधा ६ पिन होती, इथे ८ लागतील. साटा (डिस्कला वीज देणाऱ्या) केबलवरून ८ पिन करणारे अॅडॅप्टर मिळतात, ते अजिबात वापरू नका: साटाची जोडणी १२ व्होल्टवर ५४ वॉटपुरती असते आणि ८ पिनकडून १५० वॉट ओढले जाऊ शकतात. वायर वितळते. मॉड्युलर सप्लायच्या केबल दुसऱ्या मॉडेलला लावू नका; टोक बसतं, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि डिस्क जळते.

एनव्हिडियाकडून एएमडीकडे जाताना जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या साधनाने पुसा. त्या वेळी इंटरनेट तोडलेलं ठेवा, नाहीतर विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं.

महिन्यांच्या वापरात काय टिकलं? शर्यतीच्या आणि गर्दीच्या ऑनलाइन गेममध्ये १०० च्या वरचा एफपीएस सपाट राहतो, आणि हा सपाटपणा आकड्यापेक्षा जास्त सुखाचा आहे. एफपीएसला १४१ ची मर्यादा घातली आणि फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाशी जुळवणारी सोय) चालू ठेवलं की चित्र फाटत नाही, कार्डही शांत राहतं. अॅड्रेनलिन या एएमडीच्या ड्रायव्हर-सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचा व्होल्टेज थोडा थोडा उतरवून पंख्याचा आवाज आणखी कमी करता येतो. एका वेळी २० मिलिव्होल्ट उतरवा आणि दोन-तीन दिवस खेळून बघा, कारण बेंचमार्क पार झालेली सेटिंग गेममध्ये तासाभराने कोसळू शकते. नवीन संचावर विंडोज ११ अधिकृतपणे बसतं, १६०० वर बसत नव्हतं. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे हे महत्त्वाचं. बोर्ड तोच असल्याने अॅक्टिव्हेशनही सहसा टिकतं. आणि हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय (प्रकाशकिरणांचा हिशोब कार्डावर करण्याची सोय) सुरूच न होणारे गेम आता उघडतात, जरी जड रे ट्रेसिंग या कार्डाच्या आवाक्यातलं नाही.

जे सुधारलं नाही तेही सांगायला हवं. नव्या इंजिनच्या काही गेममध्ये शेडर (चित्र रंगवणारे कार्डावरचे छोटे प्रोग्राम) तयार होताना पहिल्या तासात येणारे झटके कुठल्याही प्रोसेसरवर येतात. सुरुवातीची शेडर तयारी पूर्ण होऊ द्या, मध्येच सोडू नका. हार्ड डिस्कवर ठेवलेले मोठे गेम अजूनही नकाशा लोड करताना थांबतात, त्यांना एसएसडीवर हलवणं हाच उपाय, साधी साटाची असली तरी चालेल. आणि १६ जीबी रॅम ब्राउझर उघडा ठेवून नवा गेम लावला की काठोकाठ भरते. पुढचा खर्च तिथेच होईल. पण जुन्या दोन स्टिकना आणखी दोन जोडू नका: चार स्टिकवर या बोर्डांत ३२०० टिकेलच असं नाही. १६ जीबीच्या दोन स्टिकची एकाच पाकिटातली जोडी घ्या आणि जुनी जोडी विकून टाका.