‘काइंड ऑफ ब्लू’: जुनी एलपी की वेग सुधारलेली आवृत्ती?

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा हा अल्बम विकत घ्यायचा म्हटलं की खरा प्रश्न एवढाच उरतो: १९९२ च्या आधीची सेकंडहँड एलपी (ग्रामोफोनची तबकडी) घ्यावी की वेग सुधारलेली नंतरची आवृत्ती. माझ्याकडे दोन्ही आहेत.

जुन्या एलपीची बाजू आधी मांडतो, कारण ती दुबळी नाही. ट्रम्पेटला तिच्यात एक भरीवपणा आहे, आणि पॉल चेंबर्सचा बास माझ्या स्पीकरांवर जास्त गोळीबंद लागतो. शिवाय तीसेक वर्षं जगाने हा अल्बम असाच ऐकला, कित्येक वादक त्यावरूनच शिकले. नुसतं ऐकायचं असेल, तर जुनी प्रत मिळाल्यावर हळहळायचं कारण नाही.

अडचण पहिल्या बाजूची आहे. २ मार्च १९५९ ला, न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत, मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं. ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की लय जराशी पळते आणि सूर चढतो. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना त्याच दिवशीच्या. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती सुरात आहे.

कानाला हे एरवी कळतही नसेल. मी मात्र पेटी घेऊन बसतो. पहिल्या बाजूचं ‘सो व्हॉट’ म्हणजे आपल्या काफी थाटाचेच स्वर: पांढरी दोनमध्ये (पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीत) सुरुवात, मधल्या आठ बारांपुरती (बार म्हणजे चार मात्रांचा गट) काळी दोन, पुन्हा पांढरी दोन. जुन्या एलपीबरोबर वाजवायला जावं तर षड्जच पांढरी दोनच्या वर सरकलेला आणि काळी दोनपर्यंत न पोचलेला. पेटीला तिथे स्वर नाही. टर्नटेबलचा वेग कमी करून जुळवता येतं, पण मग बाजू पालटली की तो पूर्ववत करायचा, नाहीतर दुसऱ्या बाजूचं ‘ऑल ब्लूज’ उतरतं. ज्या संगीतात बुडून जायचं, तिथे दर वेळी ही खटपट मला सोसवेना.

त्या दिवशी दुसरं एक टेपयंत्रही चालू होतं आणि त्याचा वेग बरोबर होता, म्हणून १९९२ मध्ये दुरुस्ती होऊ शकली. १९९७ मध्ये मूळ तीन-ट्रॅक टेपांवरून (ज्यांत आवाज तीन वेगळ्या पट्ट्यांवर नोंदलेले असतात) नवं मिक्सिंग, म्हणजे त्या पट्ट्यांची नव्याने जुळणी, झालं. त्यात कोल्ट्रेन डावीकडे आणि कॅननबॉल उजवीकडे, दोघांचे सॅक्सोफोन स्वच्छ वेगळे ऐकू येतात. ‘ब्लू इन ग्रीन’ तर योग्य वेगात अधिक निवांत होतं, पियानोवादक बिल एव्हान्सच्या दोन स्वरांमधली जागा भरून येते. शेवटी ‘फ्लॅमेन्को स्केचेस’चा पर्यायी टेक (त्याच रचनेचं दुसरं ध्वनिमुद्रण) जोडला आहे, तो मी बहुधा वेगळा ऐकतो, लगोलग नाही.

तुमच्या घरी कुणी काही वाजवत नसेल आणि जुनी प्रत चांगल्या अवस्थेत, परवडेल अशा किमतीत मिळत असेल, तर ती जरूर घ्या. एकच घ्यायची असेल, तर मी १९९७ च्या मिक्सिंगची घेईन.