वीस मिनिटांचं कार्ड आणि काकूंचा पीपी नंबर

भाचा पुढच्या महिन्यात परदेशी चाललाय. परवा विचारत होता, "मामा, विमानतळावर मिळतं ते सिमकार्ड घेऊ का? अनलिमिटेड लिहिलंय." ते 'अनलिमिटेड' ऐकलं आणि मला 1999 सालचं माझं फोनचं प्रीपेड कार्ड आठवलं.

मी तेव्हा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत होतो. गिऱ्हाईक कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे न्यू जर्सीला पाठवलं होतं. जुलै महिना. घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आणि घरी फोन नाही. शेजारच्या काकूंचा नंबर हाच आमचा पीपी नंबर, म्हणजे फोन आला की त्यांनी आम्हाला हाक मारायची, व्हिजिटिंग कार्डावरसुद्धा तोच छापलेला! कोल्हापूरच्या टेलिफोन बूथवरून अमेरिकेला बोलायचं तर मिनिटाला 60 रुपयांच्या वर पडत. त्यामुळे घरच्यांनी फोन करायचा प्रश्नच नव्हता, करायचा तो मीच.

मोटेलच्या खोलीतल्या फोनला हात लावू नको, असं सोबतच्या सीनियरनी बजावलं होतं. म्हणून एका देशी किराणा दुकानातून प्रीपेड कार्ड घेतलं. काउंटरमागे पोस्टर होतं, 10 डॉलरमध्ये इंडिया 20 मिनिटं. त्या वेळचे साधारण 430 रुपये. कार्डावर ताजमहाल. मागची चंदेरी पट्टी नाण्यानं खरवडली की खाली पिन. मागेच मुंगीच्या अक्षरात बराच मजकूर होता. तो मी वाचला नाही.

रात्री नऊला, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसहाला, मोटेलबाहेरच्या पब्लिक फोनवर उभा राहिलो. आधी 800 चा फुकट नंबर, मग तो लांबलचक पिन, मग परदेशी फोनसाठी 011, भारताचा 91 आणि कोल्हापूरच्या 0231 मधलं शून्य गाळून 231. एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी रेकॉर्ड केलेल्या आवाजातली बाई बोलली, तुमच्याकडे 20 मिनिटं आहेत. काकूंनी उचलला. मी सवयीनं म्हणालो, "काकू, आईला बोलावून ठेवता का? पाच मिनिटांत परत करतो." आणि ठेवला.

माझी चूक इथंच झाली. कोल्हापुरात पीपीवर फोन करायची हीच रीत होती. बूथवरच्या मीटरचे लाल आकडे पळत असताना शेजाऱ्यांनी हाक मारेपर्यंत कोण थांबणार? दोनदा लावलेला स्वस्त पडायचा. कार्डाचा हिशेब नेमका उलटा होता. परत लावला तर बाई म्हणाली, 14 मिनिटं. चाळीस सेकंदांच्या बोलण्याला सहा मिनिटं गेली होती!

तरी बोललो. आई सांगत होती, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावरून गेलंय, चार दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत. मग आवाज बदलून म्हणाली, "आणि हे बघ, तुझ्या बाबांचा..." आणि फोन बंद. घड्याळात नऊ मिनिटंही झाली नव्हती. त्या रात्री झोप कसली लागतेय! दुसऱ्या दिवशी नवीन कार्ड घेऊन फोन केला, तेव्हा कळलं की बाबांचा हरवलेला चष्मा सापडला होता.

दुकानदाराशी भांडायला गेलो. तो गुजराती गृहस्थ शांतपणे म्हणाला, पोस्टर कंपनीचं आहे, मी नुसता विकतो. पण मागचा मजकूर मात्र त्यानंच वाचून दाखवला. एक सेकंद बोललात तरी तीन मिनिटं धरणार. फोन ठेवला की जोडणीचे पैसे वेगळे. पब्लिक फोनवरून लावला तर त्याचा अधिभार वेगळा. कार्ड पडून राहिलं तर दर आठवड्याला देखभालीच्या नावानं कात्री. म्हणजे 20 मिनिटं मिळायची ती एकाच दमात, खासगी फोनवरून बोललात तर. नऊ मिनिटांत कसा तुटला, याचं उत्तर मात्र त्या मजकुरातही नव्हतं.

मी एकटाच खुळा, असं बरीच वर्षं वाटायचं. मग 2008 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेनं, अशी कार्डं विकणाऱ्यांना कोर्टात खेचलं. तपासलेल्या कार्डांवर जाहिरातीतल्या मिनिटांपैकी जेमतेम निम्मी मिळत होती. परमुलखात आलेला माणूस दहा डॉलरसाठी तक्रार करणार नाही, हे धंदेवाल्यांना पक्कं ठाऊक होतं.

भाच्याला म्हटलं, सिम घे, पण 'अनलिमिटेड'च्या खालची बारीक ओळ तिथंच उभं राहून वाच. किती जीबीनंतर वेग पडतो, इंडियाला फोन त्यात धरलाय का, मुदत विकत घेतल्यापासून की चालू केल्यापासून, हे विचार. आणि दुकानदार "काळजी करू नका" म्हणाला की पाकीट खिशात ठेव.

माझ्यापुरता उपाय मी काकूंनाच सांगितला होता. दर रविवारी सकाळी साडेसहाला फोन करीन, आईला आधीच बोलावून ठेवा. आई सहालाच जाऊन फोनशेजारी बसायची. पुढचे दोन्ही रविवार तिच्या चहाचा खर्च काकूंवर पडला.