झूम स्टिरिओ मायक्रोस्कोप : चार महिने माश्या बघून झाल्यावर

सदाशिव पेठेतल्या एका दुकानातून घेतला, २४,००० सांगितले होते, घासाघीस करून २२,५०० ला पडला. झूम ७ ते ४५ पट. मी एमएस्सीच्या पोरांचं ड्रोसोफिलाचं प्रॅक्टिकल घेते, ड्रोसोफिला म्हणजे केळी जास्त पिकली की घोंघावतात ना तीच चिलटं. आधीचा स्कोप हॅलोजनवाला, त्याच्याखाली बिचारी माशी शिजायचीच, हा एलईडी असल्यामुळे गार राहतो, पैसे तिथेच वसूल.

लेन्स कशी आहे ते बघायला माझी एकच टेस्ट, येलो-२ माशी (डीएनएत बदल झालेला एक वाण). अंग आणि पंख पिवळट पण पाठीवरचे राठ केस काळे कुळकुळीत. असं का, तर रंगाचा जो येलो जीन आहे त्याच्या सुरुवातीच्या साधारण ७०० बेस (डीएनएची अक्षरं) अलीकडे जिप्सी नावाचा उपटसुंभ डीएनए कुठूनतरी येऊन घुसलाय, आणि त्यात सप्रेसर ऑफ हेअरी विंग या इन्सुलेटर (मध्ये भिंत घालणाऱ्या) प्रोटीनला बसायला १२ जागा आहेत, ते बसतं, सोबत सीपी१९० वगैरे जोडीदार प्रोटीनं, आणि पंखांचे नि अंगाचे एन्हान्सर (जीनचं काम वाढवणारे डीएनएचे तुकडे) पलीकडेच अडकतात, प्रमोटरपर्यंत, म्हणजे जीन जिथून चालू होतो तिथवर, पोचतच नाहीत. केसांचा एन्हान्सर मात्र जीनच्या आत, इंट्रॉनमध्ये (जीनमधला प्रोटीनचा कोड नसलेला तुकडा), त्याच्या वाटेत जिप्सी नाहीच. आणि जीन धडधाकट आहे बरं का, ते प्रोटीन काढलं की रंग परत येतो (फक्त त्या माद्या वांझ निघतात, स्टॉक सांभाळताना नुसता वैताग).

तर १० पटीला केस दिसतात पण काळा की तपकिरी यावर पोरं भांडत बसतात, ३० च्या पुढे गेलं की भांडण बंद, एकेक केस सुटा दिसतो. ४५ ला कडा जरा जांभळट होतात.

फॅब-७ या म्युटंट माश्यांचा स्टॉक असेल तर तोही बघा, फॅब-७ ही डीएनएतली बाउंड्री, म्हणजे शेजारच्या वळ्यांचे एन्हान्सर वेगळे ठेवणारी हद्द, ती उडवली की पोटाचं सहावं वळं स्वतःला सातवं समजायला लागतं, आणि नराला सातवं वळं नसतंच, म्हणजे पोटाचं एक वळं गायब. ते मोजायला १५ पट पुरे.

आता तक्रार. फोकसचा नॉब दुसऱ्याच महिन्यात सैल झाला, माशी फोकसमध्ये आणून हात काढला की हेड हळूहळू खाली येतं. दुकानदार म्हणे "मॅडम, कंपनीला विचारतो", अजून विचारतोयच. सध्या रबरबँड गुंडाळून भागवतेय. साडेतीन स्टार, नॉब नीट करून दिला तर चार करेन.