749 रुपयांची केबल आणि 25,599 रुपयांचा चुना

रिफंडवाले, एपीके फाईल (उघडली की फोनमध्ये ॲप घुसवणारी), ओटीपी, हे सगळं कसं चालतं ते नागपुरात आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं. म्हणून "तुझ्या लक्षात कसं नाही आलं?" हे कोणी विचारू नका. मेव्हण्याने चारचौघांत विचारून झालं आहे.

गाडी 2012 ची पल्सर, कार्बोरेटरवाली. ॲक्सिलेटर जड झाला होता, मूठ सोडली तरी रेस चटकन खाली येईना. केबल बदलणं आणि तिला तेल पाजणं हे घरचं काम, मी पूर्वीही केलेलं. त्यात मोबाईलवर जाहिरात दिसली: 'ओरिजिनल' केबल, तेल भरायचा क्लॅम्प आणि स्प्रेची बाटली, सगळा सेट 749 रुपये. पैसे आधीच भरायचे. पार्सल आल्यावर पैसे देण्याची सोय जो विक्रेता ठेवत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका.

पार्सल आलं. होलोग्रामचं स्टिकर नखाने खरवडलं तर नुसता चंदेरी कागद निघाला. पाकिटावर किंमत होती. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, ग्राहक सेवेचा नंबर नाही. हे सगळं छापणं पॅकबंद मालावर कायद्याने बंधनकारक आहे, 2011 पासून तसे नियम आहेत. तरी रविवार होता, गाडी खोलून ठेवली होती, म्हटलं बसवून तर पाहू.

केबल बसली. मुठीला दोन-तीन मिलिमीटर ढिलाई ठेवली, गाडी चालू केली, हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि मुठीला हात न लावता गाडी आपोआप रेस झाली. केबल चांगली चार बोटं आखूड! वर्धा रोडवर यू-टर्न घेताना हे झालं असतं तर मी ट्रकखाली असतो. नवीन केबल टाकली की हँडल दोन्ही टोकांना वळवून रेस वाढते का ते बघाच, मग केबल कुठूनही घेतलेली असो. काढून हातात धरली आणि टोकाचं निप्पल, म्हणजे तारेला अडकवलेला शिशाचा गोळा, जरा ओढलं, तर तार शिशातून सुळकन बाहेर. आतल्या तारा सात-आठच, त्याही गंजलेल्या. स्प्रेच्या बाटलीत रॉकेलसारखा वास मारणारं पाणी.

आता गंमत बघा. पाकिटावर नंबर नव्हता म्हणून मी तो नेटवर शोधला. सगळ्यात वर जो आला त्यावर फोन लावला. माझे हात कोपरापर्यंत काळे, फोन पेट्रोलच्या टाकीवर, स्पीकर चालू. तिकडून अगदी मधाळ आवाज: "सर, आप टेन्शन मत लो, पूरा पैसा वापस मिलेगा." त्याने ऑर्डर नंबर विचारलाच नाही. विचारलं काय, तर बँक कोणती. इथे, नेमकं इथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. 749 रुपये परत करणाऱ्याला माझी बँक कशाला हवी? पण सोमवारी सकाळी बुटीबोरीला ड्युटी, गाडी खोललेली, जुनी केबल कापून टाकलेली, आणि समोरचा माणूस हिंदीत इतका अदबीने बोलतो. त्याने 'रिफंड फॉर्म' म्हणून फाईल पाठवली. फोन स्वतः म्हणाला, ही फाईल धोकादायक असू शकते. मी अंगठा कपड्याला पुसला आणि 'तरीही उघडा' दाबलं. मग त्या फॉर्मने माझे मेसेज वाचायची परवानगी मागितली. तीही दिली. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

फॉर्ममध्ये कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, आणि 'टोकन' एक रुपया. रुपया गेला. 12:41 ला 9,999 गेले. मी ओटीपी कोणालाही सांगितला नाही, हे ठासून लिहितो. मेसेज परस्पर त्यांच्याकडे गेले. फाईल टाकली असेल तर आधी फोनचं नेट बंद करा, विमान मोड लावा, आणि बँकेला दुसऱ्याच्या फोनवरून लावा. मी माझ्याच फोनवरून लावला.

12:48 ला बँकेचा नंबर लागला. कर्जासाठी तीन दाबा, क्रेडिट कार्डासाठी चार दाबा. फसवणुकीसाठी काय दाबायचं ते शेवटी. मग बासरीची धून. त्या धुनीतच 12:56 ला 14,850 गेले. माणूस लाईनवर आला 1:04 ला. शाखेतले साहेब आता म्हणतात, तुमची तक्रार 1:04 ची, दोन्ही रकमा त्याआधीच्या, आणि ओटीपी तुमच्याच मोबाईलवर आला होता. अहो, मग ती सोळा मिनिटं मी काय कीर्तन ऐकत होतो? रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात लिहिलंय की कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं, चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करणं बँकेचं काम, आणि व्यवहाराच्या मेसेजला तिथल्या तिथे उत्तर देऊन हरकत घेता येईल अशी सोय बँकेने द्यायची. ती सोय कुठे आहे, विचारलं. साहेब म्हणाले, "हेड ऑफिसला लिहा."

सायबर फसवणुकीची हेल्पलाईन 1930 बराच वेळ लागलीच नाही. लागली तेव्हा मात्र बाईंनी सगळं नीट लिहून घेतलं, पोचनंबर आला. तो जपून ठेवा, पुढे सगळे तोच मागतात. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: घर कोणत्या हद्दीत? मग सायबरकडे जा. तिथे, आधी ठाण्यातून पत्र आणा. एक जमादार तर म्हणाला, "पंचवीस हजारच ना जी? इथं लोकायचे पंचवीस लाख गेलेत." म्हणजे माझे पैसे झाडाला लागले होते का? नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं की गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी खबर घ्यावीच लागते. हे मी घरी येऊन वाचलं. तुम्ही जाण्याआधी वाचा आणि तोंडी बोलू नका, लेखी द्या, शिक्का मारून प्रत घ्या.

749 साठी 1915 वर ग्राहक हेल्पलाईनला कळवलं. विक्रेत्याचा पत्ता द्या म्हणाले. तोच तर छापलेला नाही!

हिशेब: 749, 1, 9,999, 14,850. एकूण 25,599. केबल शेवटी ओळखीच्या दुकानातून बिलासह 230 रुपयांत घेतली, जुनीशी लांबी जुळवून, दोन्ही निप्पल ओढून पाहून. वरच्या टोकाला पातळ तेलाचे थेंब सोडत राहिलो, खालून निघेपर्यंत. ग्रीस कोंबू नका, धूळ धरतं. आत प्लास्टिकचं अस्तर असलेली केबल असेल तर तेलही नको.

बँकेला लेखी तक्रार दिली आहे. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे लावायला कॉलच्या यादीचा फोटो काढून ठेवलाय, त्यात 12:48 स्वच्छ दिसतं. ती जाहिरात अजून चालू आहे, फक्त नाव बदललंय आणि सेट आता 699 ला मिळतो.