जुना क्राफ्ट्समन घ्यावा की नवा?

घरच्या घरी गाडीची कामं करायची आणि हत्यारं क्राफ्ट्समन या अमेरिकन ब्रँडची घ्यायची, इथपर्यंत तुमचं ठरलं असेल, तर अमेरिकेत आज दोन वाटा आहेत. लोज किंवा एस हार्डवेअर या दुकानांतून नवाकोरा सेट उचला, नाहीतर लोकांच्या घरच्या जुन्या वस्तूंचे गराज सेल, इस्टेट सेल पालथे घालून सिअर्स या दुकानसाखळीच्या काळातले पाने जमवा. मी दोन्ही वाटांनी गेलोय आणि दोन्ही प्रकारची हत्यारं माझ्या पेटीत आहेत.

सिअर्सने हे नाव १९२७ मध्ये घेतलं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं ते हमीमुळे. पाना तुटला तर दुकानात आणा, नवा घेऊन जा, पावती कोणी मागत नसे. २०१७ मध्ये ब्रँड स्टॅनली ब्लॅक अँड डेकरकडे गेला आणि पुढच्याच वर्षी सिअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. हातपान्यांवरची आजन्म हमी मात्र नव्या मालकांनी चालू ठेवली. टॉर्क रेंचला (ठरावीक जोर मोजून बोल्ट आवळायच्या पान्याला) ती लागू नाही, एवढं लक्षात ठेवा.

म्हणजे कागदावर नव्याचं पारडं जड. रॅचेटच्या (सॉकेट लावून दांडा पुढे-मागे करत बोल्ट फिरवायच्या पान्याच्या) बाबतीत तर प्रत्यक्षातही. जुन्या रॅचेटला बहुधा ३६ दाते असतात, म्हणजे प्रत्येक टप्प्याला दांडा १० अंश फिरायला हवा. ७२ दात्यांच्या नव्याला ५ अंश पुरतात. बॅटरीच्या ट्रेखाली हात घालून काम करताना हा फरक लगेच कळतो. डोक्यामागचं बटण दाबून सॉकेट सोडवायची सोय मात्र जुन्यातही आहे. ती पीटर रॉबर्ट्स या सिअर्सच्याच तरुण विक्रेत्याने शोधली. सिअर्सने हक्क त्याच्याकडून १०,००० डॉलरला घेतले, मग कोर्टकचेरी झाली आणि १९८९ मध्ये ८२ लाख डॉलरवर तडजोड झाली. ते बटण दाबताना मला त्याची आठवण येतेच.

मग माझा कौल कुठे? तो ठरला एका दुकानाच्या काउंटरवर. माझ्या जुन्या अर्धा इंची रॅचेटचा दाता निसटायला लागला होता. बदलून देण्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, पण तसा रॅचेट सुटा मिळेना. काउंटरवरचा माणूस म्हणाला, सेटमध्ये आहे, सुटा नाही; हेल्पलाइनला फोन करा, पोस्टाने पाठवतील. इकडे घरी गाडी जॅक स्टँडवर, चाक काढून ठेवलेलं. शिवाय जे मिळणार होतं ते ‘त्याच्या जवळपासचं’, आणि जुना रॅचेट तिथेच ठेवून यायचा. हमी खरी होती, माणूस सौजन्याने बोलत होता, पण त्या दिवशी मला लागणारी वस्तू त्या हमीत नव्हती. हे मला फार लागलं.

जुना परत आणला. मागच्या पट्टीचे दोन स्क्रू काढले की आत फक्त दातेरी चक्र, एक खटका, स्प्रिंग आणि छोटी गोळी. खटक्याचं टोक झिजून गुळगुळीत झालेलं. दुरुस्तीचं किट मागवून बसवलं, तेलाचा थेंब सोडला. आता तो पुन्हा खणखणीत वाजतो.

तेव्हापासून माझा कल जुन्याकडे आहे. मी काही मोजमाप केलेलं नाही, पण जुन्या रिंग पान्यांची कड माझ्या हातात अजून फाकलेली नाही, बोल्टवर ते घट्ट बसतात. मेट्रिक, म्हणजे मिलिमीटरचं माप, मात्र जुन्यात कमी सापडतं, आणि शोधायला सवड लागते. येत्या शनिवारीच ब्रेकचं काम करायचं असेल तर सरळ नवा सेट घ्या, तो वाईट नाही.

सवड असेल तर जुने घ्या. सॉकेटच्या आतले कोपरे गोल झालेत का, ते बोट फिरवून बघा. पान्याचं तोंड फाकलेलं असेल तर सोडून द्या. क्रोमवर थोडा गंज असेल तर बिचकू नका. रॅचेट अडकत असला तरी घ्या, बहुतेकदा आत नुसतं वाळलेलं ग्रीस असतं.