बिल चार ब्रास मुरुमाचं, फरशीखाली इंचभर कच

गावाकडच्या घरापुढे वीस बाय तीसचं अंगण. आमची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जागी शहाबादी फरशी टाकायची तर आधी नऊ इंच माती काढायची, सहा इंच मुरूम पाणी मारून धुम्मस करायचा, म्हणजे ठोकून घट्ट दाबायचा, मग कच म्हणजे दगडाचा बारीक चुरा, मग फरशी. ठेकेदारानेही हेच लिहून दिलं होतं. पण मी पुण्यात, घरी एकटे आप्पा, त्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. याहून सोयीचं गिऱ्हाईक त्याला कुठं मिळणार होतं?

तो व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा. मुरुमाची पहिली ट्रॉली आली, दुसरी आली, चौथी आली. मी अंगठा दाखवायचो आणि पैसे पाठवायचो. 70 टक्के रक्कम अर्धं काम व्हायच्या आत गेली. आता ते फोटो मोठे करून बघतो, तर चारही ट्रॉल्यांच्या फाळक्याला तीच निळी दोरी आणि बाजूला तीच शेळी, तशीच मान वळवून बसलेली.

काम संपल्यावर गेलो, तर त्याने फरशीवर स्पिरिट लेव्हल ठेवून दाखवली. बुडबुडा बरोबर मधोमध. मी खूश! अंगणाला दहा फुटांत दीड-दोन इंच ढाळ लागतो, बुडबुडा मधोमध म्हणजे ढाळच नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. शिवाय दोन फुटी लेव्हल दोन फुटांपुरतंच सांगते. अख्खं अंगण तपासायचं तर पाणी भरलेली नळीच हवी.

मृगाच्या दुसऱ्या पावसात मधल्या फरश्या खचल्या, कडेच्या उचलल्या आणि पाणी जोत्याला लागलं. गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्यांना बोलावलं. ते काही न बोलता हातोडीच्या दांड्याने फरश्या वाजवत निघाले. ठक्क वाजली की पुढे, बद्द वाजली, म्हणजे खाली पोकळ, की खडूची फुली. फुल्याच फुल्या. पहारीने एक फरशी उचलली. खाली इंचभर कच आणि त्याखाली पिवळी पडलेली हरळी, मुळासकट. माती काढणं सोडा, गवतसुद्धा उपटलं नव्हतं.

600 चौरस फुटांवर सहा इंच म्हणजे 300 घनफूट; शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणून तीन ब्रास. धुम्मसने मुरूम दबतो म्हणून सुटा चारेक ब्रास लागतो, तेवढंच त्याने बिल लावलेलं. एक इंच कच मात्र जेमतेम अर्धा ब्रास. फोटोतली ती एकुलती ट्रॉली दुसऱ्याच कुणाच्या गोठ्यात रिकामी झाली, हे नंतर कळलं.

कुणी असं काम देणार असाल तर खोदाई झाली की दोरी ताणून टेपने खोली मोजा, कच पडायच्या आत. ट्रॉली ओतण्याआधी आतून लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून गुणाकाराला शंभराने भागा, ब्रास निघतो. मुरुमावर पहार मारून बघा. सहज आत गेली तर धुम्मस झालेलाच नाही. जाता येत नसेल तर फोटो नको, व्हिडिओ कॉल लावा. आणि फरशीचे पैसे पाया बघितल्याशिवाय सोडू नका.

आता सगळं उपसून पुन्हा करतोय. 150 पैकी 31 फरश्या काढतानाच तुटल्या. ठेकेदार फोन उचलतो, अगदी अदबीने बोलतो. "सर, जमीन बसतेय अजून. पावसाळा जाऊ द्या."