हार्ड डिस्कमधला डेटा काढून देतो म्हणाला आणि २५,८०० रुपये घेऊन बसला

लिहायला लाज वाटतेय, कारण मी अकाउंट्सला आहे. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते, साडेतीनशे रुपयांच्या चहाच्या व्हाउचरवर सही नसेल तर परत पाठवते, आणि मीच २५,८०० रुपये बिलाशिवाय देऊन मोकळी झाले. नवरा दिवसातून एकदा तरी ऐकवतोच.

डिस्क २ टीबीची, एक्स्टर्नल, सहा वर्षं जुनी. लेकीचे जन्मापासूनचे फोटो आणि बाबांच्या भजनाचे व्हिडिओ त्यात. बाबा २०२१ ला गेले. दुसरी कॉपी नव्हती, हो, माहितीये मला, नका बोलू. गणपतीच्या आधी डिस्क स्लो झाली, एक फोल्डर उघडायला दोन-दोन मिनिटं, मधेच गायब, परत हजर. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघितलं तर पिवळं, कॉशन, पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कला नीट वाचता न येणारे तुकडे, वाढलेले. म्हणजे तेव्हा डिस्क दिसत होती हो! बाबांचं फोल्डर तेवढं आधी काढून घेतलं असतं तर आज हे लिहायला लागलंच नसतं. पण मी कुठल्यातरी व्हिडिओत बघून विंडोजमधलं चेकडिस्क लावलं आणि झोपले. सकाळी टक… टक… टक. मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क लावू नका, ते फाइल सिस्टीम दुरुस्त करायला बघतं, तुमचे फोटो वाचवायला नाही, आणि आधीच दमलेल्या डिस्कला रात्रभर पळवतं. फ्रीजरमध्येही ठेवू नका, ऑफिसमधल्या एकाने तो पण सल्ला दिला होता.

मग डेटा काढून देणाऱ्या एका दुकानात गेले. दुकान बघून कुणालाही विश्वास वाटला असता. एसी, दोन मोठे मॉनिटर, हाताला अँटीस्टॅटिक पट्टा लावलेला पोरगा. मालकाने डिस्क कानाला लावली, डॉक्टरसारखी, आणि म्हणाला, "मॅडम, हेड गेलंय. क्लीनरूमचं काम आहे, मुंबईला लॅबला पाठवावी लागेल." हे ऐकायला खरं वाटतं कारण ते अर्धं खरंच असतं, टक टक आवाज बऱ्याचदा हेडचाच, म्हणजे डिस्कमधला डेटा वाचणाऱ्या भागाचाच असतो, तो भाग धूळ नसलेल्या खोलीतच, क्लीनरूममध्ये, बदलतात आणि हेड बदलायला त्याच मॉडेलची दुसरी डिस्क, डोनर, लागतेच. तपासणीचे १,५०० घेतले, नॉन-रिफंडेबल. कुरिअरचे ८००. चार दिवसांनी डोनरचे १४,००० ॲडव्हान्स. बिल मागितलं (मागितलं होतं हं मी!) तर म्हणे बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वरून पडेल, कशाला मॅडम. आणि मी "राहू दे" म्हणाले. मी! जीएसटीचे रिटर्न भरणारी बाई!

आता तो क्षण, जो आठवला की अजून हात चोळते. आठवड्याने व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला, "डेटा दिसतोय मॅडम, कॉपी करायचे क्लीनरूम चार्ज ९,५०० पाठवा." फोल्डर दिसत होते: डीसीआयएम, बॅकअप न्यू, साँग्ज. डीसीआयएम बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण माझ्या डिस्कवर पण डीसीआयएम होतं. अहो, ते प्रत्येक कॅमेऱ्याच्या कार्डात असतं, जगात सगळ्यांच्या डिस्कवर असतं! आणि खाली, बारीक अक्षरात, साइझ ९३१ जीबी. माझी डिस्क २ टीबीची, विंडोजमध्ये ती १.८१ टीबी दिसायची, सहा वर्षं बघत होते तो आकडा. ९३१ जीबी म्हणजे १ टीबीची डिस्क. म्हणजे दुसऱ्याच कुणाची. आकड्यांवर पोट भरणारी मी, आकडा समोर होता, आणि मी बस स्टॉपवर उभ्या-उभ्या यूपीआयचा पिन टाकला. त्या दिवशी लेकीला ताप होता, माझं लक्ष नव्हतं, पण ते कारण मी स्वतःलाच देते, खरं कारण म्हणजे मला ते खरं वाटायला हवं होतं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. "प्लॅटरला स्क्रॅच निघाला, डेटा करप्ट." (प्लॅटर म्हणजे आतली चकती, डेटा तिच्यावरच असतो.) पैसे परत नाहीत, डिस्क तेवढी बबल रॅपमध्ये.

ती मी ओळखीतल्या एका रिपेअरवाल्याला दाखवली. त्याने आधी स्टिकर दाखवला, त्याखालचा स्क्रू उघडलेला. झाकण काढलं तर आरशासारख्या चकतीवर अंगठ्याचा ठसा, अगदी रेषांसकट. म्हणाला, "हेड बदलणारा माणूस प्लॅटरला बोट लावत नाही ताई. ही कुठल्या लॅबला गेलेलीच नाही." एक पैसा घेतला नाही त्याने.

चौकीत गेले तर साहेब म्हणाले, "तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत ना? मग हे सिव्हिल मॅटर आहे." मी म्हटलं, दुसऱ्याचा स्क्रीनशॉट दाखवून पैसे उकळले, ही फसवणूक नाही का? तर "बिल दाखवा." बिल नाही. "मग डिस्क त्यांच्याकडे दिली होती कशावरून?" अर्ज लिहून घेतला, पोच द्यायला शिक्का सापडेना, उद्या या. उद्या गेले तर ते साहेब बंदोबस्ताला. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला तर म्हणे दुकानात जाऊन दिलेले पैसे आमच्यात बसत नाहीत. बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकलात. एकाने तर समोर बसवून विचारलं, "एवढं महत्त्वाचं होतं तर बॅकअप का नाही ठेवला?" अरे, मी चोरी झाली म्हणून आलेय, कुलूप कुठल्या कंपनीचं होतं ते काय विचारता! चार चकरा, दोन हाफ डे.

शेवटी ग्राहक आयोगात स्वतःच तक्रार टाकतेय. ५ लाखांपर्यंत फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येते, मुदत दोन वर्षं. यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲप चॅट जपून ठेवा, माझ्याकडे तेवढंच आहे. डिस्क देताना सीरियल नंबरचा फोटो काढा आणि पावतीवर तो लिहून घ्या. "डेटा नाही तर पैसे नाही" हे तोंडी नको, लेखी. स्क्रीनशॉटवर पैसे देऊ नका, तुमच्या एखाद्या फोटोचं नाव सांगा आणि तो व्हिडिओ कॉलवर उघडून दाखव म्हणा. टक टक ऐकू आली की प्लग काढा, परत परत लावून बघू नका.

आणि तुमच्यापैकी कुणाला डीसीआयएम, बॅकअप न्यू, साँग्ज आणि खाली ९३१ जीबी असा स्क्रीनशॉट आला असेल, तर मला कळवा. एकत्र तक्रार करता येते.